चार हात पुढची जमीन

पाठशाळेत हिंसेची व्याख्या शिकवायची वेळ आली की आम्ही पोरं सरसावून बसायचो. आता तलवारी निघणार, लढाया होणार. निघायची ती बेसावधी. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसा समजावताना आधी प्रमाद येतो, इजा मागाहून येते. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात याहून कडक आहेत. इजा झाली की टळली, यावर ते हिंसा ठरवतच नाहीत. वागणं जपून होतं का, एवढंच बघतात. जपून नसेल, तर समोरचा वाचला हे त्याचं नशीब, तुमचं पुण्य नव्हे.

मी शिरोळ तालुक्यातली. आमच्याकडचे जैन बहुतेक शेतकरी. ऊस, भाजीपाला, दारात म्हशी आणि रविवारी पाठशाळा. शिकायला पुण्यात आले ती इथलीच झाले, आणि आता पोटासाठी वेबसाइटवरचे फॉर्म बनवते. देखणं पहिलं पान दुसरं कुणीतरी करतं. माझ्या वाट्याला येतात ते अर्ज, ओटीपीच्या चौकटी, ‘पुढे जा’ची बटणं आणि चुकल्यावर उमटणारी लाल अक्षरं. यात धर्म कुठून आला, असं ऑफिसातले विचारतात. मला प्रश्न उलट्या बाजूनं पडतो. ज्या घरात पाणी गाळून पितात, दिवस मावळल्यावर ताट वाढत नाहीत, ज्या घरातले लोक मोरपिसांच्या पिंछीनं जागा झाडून मगच बसणाऱ्या मुनींच्या पाया पडतात, त्या घरातल्या मुलीनं बनवलेला अर्ज एखाद्या म्हाताऱ्या बाईला अर्धा तास राबवून घेतो आणि शेवटी ‘वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा’ म्हणून बाहेर काढतो. याला गैरसोय म्हणायचं की हिंसा?

माझ्या मते हिंसा. शब्द जड आहे, पण व्याख्या मी केलेली नाही.

अमेरिकेत युटा स्टेट युनिव्हर्सिटीत वेबएम नावाची संस्था आहे. जगातल्या सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या दहा लाख वेबसाइटांची पहिली पानं ती दरवर्षी यंत्राकडून तपासून घेते. २०२५ साली त्यांतल्या ९४.८ टक्के पानांवर सुगम्यतेच्या, म्हणजे पान सर्वांना वापरता यावं यासाठीच्या, नियमांचा भंग सापडला. सर्वांत जास्त आढळलेला दोष काय असावा? फिकी अक्षरं. ७९.१ टक्के पानांवर. पार्श्वभूमी आणि अक्षर यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक असं प्रमाण हवं, हा नियम २००८ सालापासून लिहून ठेवलेला आहे, मोजायची साधनं फुकट मिळतात, आणि दुरुस्ती म्हणजे रंगाचा एक आकडा बदलणं. तरीही पांढऱ्यावर राखाडी चालूच. यात कुणाच्या मनात वाईट नाही. डिझायनर पंचविशीचा असतो, त्याचा मॉनिटर महागाचा असतो, खोलीत एसी आणि पडदे असतात, आणि राखाडी रंग त्याला शांत वाटतो. एसटी स्टँडवर भर दुपारी, तडा गेलेल्या मोबाइलवर, मोतीबिंदू उतरलेल्या डोळ्यांनी ती अक्षरं कशी दिसतील, हे त्याच्या डोक्यातच येत नाही. वाईट हेतू नाही आणि लक्षही नाही, यालाच आमचे ग्रंथ प्रमाद म्हणतात.

यावर पहिला आक्षेप आमच्याच एका डेव्हलपरनं घेतला. पोरगा हुशार आहे. म्हणाला, “असं धरलं तर काहीच बनवता येणार नाही. प्रत्येक पानावर कुणीतरी अडखळणारच.” आक्षेप खरा आहे, आणि जैन आचार्यांना तो हजारभर वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी घातलाच असणार, नांगर चालवला की किडे मरतात. म्हणून श्रावकासाठी हिंसेचे चार भाग केले: घरसंसारात होते ती आरंभी, कामधंद्यात होते ती उद्योगी, स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना होते ती विरोधी, आणि ठरवून केलेली ती संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थानं जमेल तितक्या कमी करायच्या. चौथी पूर्ण सोडायची, तिथे सवलत नाही. माझ्या धंद्याला ही विभागणी अशी चपखल बसते की मीच चकित होते. एखाद्या जुन्या फोनवर आमचं पान नीट उघडत नाही, ही उद्योगी. ती कमी करत राहायची, संपणार नाही. पण ‘रद्द करा’चं बटण मुद्दाम चौथ्या पानाच्या तळाशी, फिक्या रंगात लपवणं, ही संकल्पी.

अशा लपवाछपवीला हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरनं २०१० साली ‘डार्क पॅटर्न’ असं नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि १३ प्रकार नावानिशी सांगितले. खोटी घाई हा एक: ‘फक्त दोन खोल्या शिल्लक!’ न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणं हा दुसरा. वर्गणी सुरू करायला एक बोट आणि बंद करायला सात दारं, हा आणखी एक. मला सर्वांत घाण वाटतो तो लाजवण्याचा प्रकार. विमा नको असेल तर ज्या बटणावर दाबायचं त्यावर लिहिलेलं असतं, ‘नको, मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही.’ हे वाक्य कुणीतरी पगार घेऊन लिहिलेलं असतं. त्याच्या दोन आवृत्त्या करून कुठल्या आवृत्तीनं जास्त लोक शरमतात हे मोजलेलं असतं. मुनींच्या पाच समित्यांमध्ये, म्हणजे जपून वागण्याच्या नियमांमध्ये, भाषासमिती आहे, बोलताना कुणाला टोचणार नाही असं बोलण्याची. बटणावरची अक्षरं म्हणजे बोलणंच.

आता इथं मला स्वतःशीच भांडावं लागतं. मी ज्या परंपरेतून हे सगळं बोलते ती सोपेपणाची परंपरा मुळीच नाही. उपवास, केशलोच, अनवाणी विहार. आमच्याकडे अवघडाला मान आहे. मग ‘लोकांना सोपं पडावं’ या आग्रहाला जैन आधार कसा शोधायचा?

उत्तर तत्त्वार्थसूत्रातच, नवव्या अध्यायात आहे. तिथे बावीस परिषह सांगितले आहेत: भूक, तहान, थंडी, उष्णता, डास-माश्या, अपमान वगैरे. ते मुनीनं शांतपणे सोसायचे असतात. सोसणारा तो स्वतः, आणि स्वखुशीनं. दुसऱ्याला उपाशी ठेवून त्याच्या खात्यावर तप जमा करता येत नाही. आमचे एक पाठशाळेचे गुरुजी मोबाइल बँकिंगला वैतागून म्हणाले होते, “तेविसावा परिषह ओटीपी.” विनोद चांगला आहे, पण ओटीपीनं निर्जरा, म्हणजे कर्म झडणं, होत नाही.

दुसरी बाजूही आहे. सोपं केलं म्हणजे भलं केलं, हे आमच्या धंद्यातलं ब्रीद मला पटत नाही. एका बोटात कर्ज मिळणं सोपंच असतं. जेफ रास्किन हे नाव इथे आठवतं. ॲपलमध्ये १९७९ साली मॅकिन्टॉशचा प्रकल्प ज्यांनी सुरू केला ते हे. त्यांनी २००० साली संगणकाच्या माणुसकीवर पुस्तक लिहिलं आणि त्यात पहिला नियम असा घातला की यंत्रानं माणसाच्या कामाला इजा करू नये, आणि हात बांधून बसून इजा होऊही देऊ नये. विज्ञानकथालेखक ॲसिमॉव्हच्या यंत्रमानवांच्या नियमावरून त्यांनी तो बेतला होता. मला तो अणुव्रतासारखा, गृहस्थाच्या छोट्या व्रतासारखा, वाटतो. २००५ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी त्यांचा मुलगा एझा रास्किन यानं न संपणारं पान बनवलं. खाली सरकत राहा, नवं येत राहतं, ‘पुढचं पान’ दाबायचीही गरज नाही. वापरायला याहून सोपं काही नाही. पुढे त्यानंच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, कारण पान संपल्यावर माणूस जो क्षणभर थांबायचा, तो थांबाच त्यानं काढून टाकला होता. बाप-लेकाच्या या जोडीत माझा सगळा प्रश्न आहे. मुलानं काम सोपं केलं, आणि बापाचा नियम मोडला गेला. पैसे पाठवताना यूपीआयचा पिन मागितला जातो, ती अडचणच आहे, पण जपून ठेवलेली अडचण. ती काढून टाका म्हणणाऱ्या डिझायनरला मी तरी काम देणार नाही.

तेव्हा मी सोपेपण मोजत नाही. पान बनवणाऱ्यानं पाहिलं होतं का, हे मोजते.

आमच्या आप्पांचं उदाहरण घेते. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक. नोव्हेंबर आला की पेन्शनीसाठी हयातीचा दाखला. पूर्वी समोर जाऊन सही करायची. आता मशीनवर बोट ठेवलं किंवा चेहरा दाखवला तरी चालतं, आणि त्यानं कितीतरी म्हाताऱ्यांचे हेलपाटे वाचले, हे मान्य करूनच पुढचं सांगते. निवृत्तीनंतर आप्पा पूर्णवेळ शेतात. खुरपं धरून, उसाचा पाला सोलून बोटांच्या रेषा झिजलेल्या. सेवा केंद्रातलं मशीन बोट घेईना. मग मोबाइलपुढे चेहरा. “पापणी मिटा.” मिटली. “पुन्हा मिटा.” आप्पा वैतागून केंद्रातल्या पोऱ्याला म्हणाले, “आरं, मी हितं बसलोय की तुझ्यापुढं! आणि कसला पुरावा पायजे?” पोऱ्या म्हणाला, “आजोबा, मला दिसताय. सिस्टीमला दिसत नाही.”

हे वाक्य एखाद्या प्रमाणशास्त्राच्या ग्रंथात शोभलं असतं. बाकीची दर्शनं डोळ्यांनी पाहिलेल्याला प्रत्यक्ष म्हणतात. तत्त्वार्थसूत्र मात्र इंद्रियांमधून आलेल्या ज्ञानाला परोक्षच मानतं, आणि आत्म्याला थेट होतं तेवढंच प्रत्यक्ष. आप्पांना मी हे फोनवर सांगितलं. “म्हणजे मशीन जैन हाय म्हण की,” ते म्हणाले. दाखला चौथ्या दिवशी झाला, दुसऱ्या केंद्रात, जवळच्या खिडकीचा उजेड चेहऱ्यावर घेऊन.

आप्पांची पापणी मिटते तरी. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ज्या खटल्याचा निकाल दिला त्यातल्या अर्जदारांच्या पापण्याच ॲसिडनं जाळल्या होत्या. प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार. बँकेत खातं उघडताना समोर जिवंत माणूस आहे याची खातरी म्हणून कॅमेऱ्यापुढे पापणी मिटायला सांगत. त्यांना ती मिटता येत नव्हती. सोबत दुसरी याचिका होती अमर जैन या दृष्टिहीन वकिलांची. चौकटीत चेहरा आणा, हे न पाहता कसं करायचं, असा त्यांचा साधा सवाल. न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या पीठानं म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि २० निर्देश दिले. जगण्याचा हक्क. पापणी मिटवून दाखवा म्हणणारा नियम ज्यानं लिहिला त्याच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा होता, बहुधा त्याचा स्वतःचा. त्यानं कुणावर ॲसिड फेकलं नाही. आधीच जळालेल्या माणसाला ‘तू जिवंत आहेस कशावरून’ एवढंच विचारलं.

आमच्याकडे जीवांची मोजदाद इंद्रियांवरून होते. फक्त स्पर्श असलेली एकेंद्रिय माती-पाणी-झाडं, मग दोन, तीन, चार, आणि पाच इंद्रियांचे आपण. लहानपणी मी विचारलं होतं, मग आंधळा माणूस चतुरिंद्रिय का? गुरुजींनी रागावून नाही, समजावून सांगितलं: नाही. इंद्रियं किती हे जन्मासोबतच्या नामकर्मानं, म्हणजे शरीर घडवणाऱ्या कर्मानं, ठरतं. डोळा मागाहून गेला किंवा जन्मतःच बंद असला तरी माणूस पंचेंद्रियच. तेव्हा हा शास्त्रातला बारकावा वाटला होता. आता फॉर्म बनवताना तो रोज कामी येतो. वेबसाइट मात्र न दिसणाऱ्याला खालच्या वर्गात घालते, आणि त्याच्यासाठी मागच्या बाजूला एक ‘सोपी आवृत्ती’ ठेवते, निम्म्या सोयी काढून टाकलेली.

आमच्या टेस्टिंगमधले एक सहकारी जन्मांध आहेत. ते एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतात. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं तो लिहायला घेतला. फुकट आहे आणि कुणालाही बदलता येतो. त्याचा आवाज सहकाऱ्यांनी इतका वेगवान ठेवलाय की मला ती नुसती किरकिर ऐकू येते, त्यांना त्यात अख्खं पान ऐकू येतं. एच दाबून ते एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारतात. त्यांच्या शेजारी बसेपर्यंत मला वाटायचं की पान म्हणजे चित्र. त्यांच्यासाठी पान म्हणजे क्रम आहे, आधी काय आणि मग काय. ‘येथे क्लिक करा’ असे वीस दुवे पानावर असले की त्यांच्या कानात वीस वेळा ‘येथे क्लिक करा’ येतं, कुठे ते कळतच नाही. मराठी पानाच्या कोडमध्ये ‘भाषा मराठी’ एवढी खूण नसली की स्क्रीन रीडर भलत्याच उच्चारात सुरू होतो. आणि कार्यालयांच्या जुन्या पीडीएफ! युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेल्या. डोळ्याला स्वच्छ मराठी, आत रोमन अक्षरांची गिचमिड. मी त्यांना जीआर वाचून दाखवते आणि ते हसतात, “ताई, तुम्हाला जे शासन दिसतं ते मला कधी दिसलंच नाही.”

अनेकान्ताचा, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात या विचाराचा, विषय निघाला की हत्ती आणि आंधळे हजर होतातच. या सहकाऱ्यांना ती गोष्ट मनापासून आवडत नाही. “त्या लोकांना जागा बदलून हात फिरवायची अक्कल नव्हती का? मी तर हत्तीभोवती पूर्ण फिरलो असतो. आणि माहुताला विचारलं असतं.” तेव्हापासून मी ती गोष्ट सांगायची सोडली. अनेकान्त मला त्यांच्या टेस्टिंगच्या टिपणांत जास्त दिसतो. एकाच बटणावर मी लिहिलेलं असतं ‘ठळक, उजवीकडे, ठीक’. त्यांनी लिहिलेलं असतं ‘नाव नाही, फक्त बटण बटण म्हणतंय’. दोन्ही खरं.

पाच समित्यांतली चौथी आदाननिक्षेपण, वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून उचलण्या-ठेवण्याची. पान उघडतं, मी ‘भरा’वर बोट नेते, तेवढ्यात वरून जाहिरात उतरते, सगळं चार बोटं खाली सरकतं आणि बोट पडतं भलत्याच ठिकाणी. ठेवताना पाहिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. जाहिरातीसाठी जागा आधीच राखून ठेवली तर हे होत नाही, आणि हे कुठल्याही नवख्या मुलाला एका दुपारी शिकवता येतं.

पण माझा खरा जीव अडकलाय तो चुकल्यावर काय होतं यात. आज्जी विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळायची. गाळणं म्हणजे नको ते अडवणं, असं मला वाटायचं. तिच्या लेखी अर्धं काम त्यानंतर होतं. कापडावर जे अडकलं ते तिथेच सुकू द्यायचं नाही. कापड उलटं धरून, वरून गाळलेलंच पाणी ओतून, ते त्याच विहिरीत परत सोडायचं. दुसऱ्या विहिरीत नाही, मोरीत तर नाहीच. अडवलेल्या जीवाला त्याच्या घरी पोचवलं तरच गाळणं निर्दोष. अर्ज नाकारणारं पान मी याच मापानं मोजते. पिनकोड चुकला म्हणून अडवा, जरूर अडवा. पण भरलेली बाकीची एकवीस रकान्यांची माहिती पुसू नका. माणूस जिथून आला तिथेच, चुकलेल्या चौकटीपाशीच नेऊन सोडा, आणि काय चुकलं ते त्याच्या भाषेत सांगा. ‘अवैध इनपुट’ ही मोरी आहे. सुगम्यतेच्या नियमांच्या २०२३ सालच्या आवृत्तीत एकदा दिलेली माहिती त्याच कामात पुन्हा मागू नका, असा नियम आलाय. वेळ संपण्याआधी सूचना द्या आणि वाढवून मागता येऊ द्या, हा तर २००८ पासूनच आहे. नियम करणाऱ्यांना आमची विहीर ठाऊक नव्हती. आज्जीला ते नियम ठाऊक नव्हते. मला दोघांचं पटतं.

पहिली समिती ईर्या. चालताना चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचं. आमच्या भागात ईर्यासमिती म्हटलं की आचार्य शांतिसागर महाराज आठवतात. ते मूळचे भोज गावचे, आमच्यापासून फार लांब नाही. १९५५ साली कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना, म्हणजे आहार सोडून देह ठेवण्याचं व्रत, घेतली, आणि तिचं कारण घरोघरी माहीत आहे: नजर गेली होती. पायाखालचा जीव दिसेना, मग चालायचं कसं, आहार शोधून घ्यायचा कसा? जपणं शक्य नसेल तर देह ठेवायचा नाही. त्याच महाराजांनी, मुंबई सरकारचा १९४७ चा हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा जैन मंदिरांना लावू नये म्हणून धान्य सोडलं होतं, आणि १९५१ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल मनासारखा लागल्यावरच पुन्हा घेतलं. जैन हा वेगळा धर्म आहे, सरकारनं त्याच्या देवळात हात घालू नये, अशी बाजू होती, आणि कायद्याच्या अंगानं ती पोकळ नव्हती. तरी मुंगीसाठी पाऊल अडणाऱ्या परंपरेला दाराशी उभा माणूस दिसू नये, हे मला घशाखाली उतरत नाही. हे मी आमच्या गावात मोठ्यानं बोललेली नाही, इथे लिहिते. जपणं सूक्ष्म असलं म्हणजे ते सगळ्यांपर्यंत पोचतंच असं नाही. नव्या वेबसाइटा आखताना ‘आमचा वापरकर्ता’ म्हणून भिंतीवर जी चित्रं लावतात, पस्तिशीतली, पुण्यातली, आयफोनवाली, त्यांच्याकडे पाहताना मला हे आठवतं.

सल्लेखनेची ही हकिकत मी टेस्टिंगमधल्या त्या सहकाऱ्यांना सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “म्हणजे नजर नसेल तर अहिंसा पाळताच येत नाही? मग माझं काय?”

मी म्हटलं, ती महाव्रतं, मुनींची. तुम्ही-आम्ही अणुव्रतवाले.

“ही पळवाट झाली, ताई.”

होतीच. मग मी माझं खरं मत सांगितलं. रस्त्यावर चालणारा तिथल्या तिथे पाहू शकतो. वेबसाइटवर तसं नाही. तिथली जमीन कुणीतरी आधीच बनवून ठेवलेली असते, आणि चालणारा मागाहून येतो. तेव्हा चार हात पुढचं पाहण्याचं काम बनवणाऱ्याचं. ईर्यासमिती तुमच्या वाटची आम्ही पाळायची. मला वाटलं, त्यांना हे आवडेल.

त्यांना आवडलं नाही. “तुम्ही माझ्यासाठी पाहणार, माझ्यासाठी ठरवणार, आणि पुण्यही तुमच्याच खात्यावर? मला कडेवर घेऊ नका. पुढे काय आहे तेवढं आधी सांगा. पाऊल मी टाकतो, चुकलो तर मी चुकतो.” मग त्यांनी उदाहरणंच काढली. एका पानावर आम्ही मदत म्हणून जिल्हा आपोआप भरून देत होतो. तो भरला गेलाय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ती ‘सोपी आवृत्ती’ही निघाली. ‘माझ्यासाठी काय काढून टाकलंय तेही मला कळत नाही,’ म्हणाले. पाहणं आणि पाहिलेलं सांगणं यांत फरक आहे, आणि सांगितल्याशिवाय माझं पाहणं त्यांच्या काहीच उपयोगाचं नाही. प्रमादाच्या व्याख्येत मी हे कधी धरलंच नव्हतं: जपणाऱ्यानं जपताना समोरच्याचं जपणं काढून घेणं.

त्या बोलण्यातून एक पान निघालं. एका मोठ्या अर्जाच्या सुरुवातीलाच आम्ही लिहिलं: पायऱ्या चार, वेळ साधारण वीस मिनिटं, हाताशी ठेवायचे कागद हे, अर्धवट सोडलंत तर सात दिवस जपून ठेवू. क्लायंटला ते नकोय. एक पान वाढलं की काही लोक तिथेच गळतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. मी म्हणते, गळतील ते ज्यांच्याकडे कागद नाहीत तेच, मग तिसऱ्या पायरीला रडवून कशाला परत पाठवायचं? ते म्हणतात, आकडे दाखवा. आकडे अजून नाहीत. तोवर पान राहिलंय, आणि सहकाऱ्यांची त्याच्यावरही तक्रार आलेली आहे: कागदांची यादी ठीक, पण फोटो किती केबीचा हवा, ते अजूनही तिसऱ्या पायरीवरच सांगताय.